बेडकाला वाढलेलं ताट

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कुंडलच्या शाळेत आम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज सरांनी स्वतः भरला.

पदवीनंतर साताऱ्यात नोकरी लागली. भाड्याच्या खोलीत आधीचा भाडेकरू काचेची टाकी तशीच सोडून गेला होता. आत एक बेडूक होता. डोळे खोल गेलेले, पाठीचं हाड वर आलेलं.

घरमालकीणबाई म्हणाल्या, "आवं, टाका की ओढ्यात! बेडूक कुणी पाळतंय व्हय?"

पण तो दुकानातून आणलेला, परदेशी जातीचा होता. ओढ्यात सोडणं बरोबर नव्हतं.

मी गांडुळं बारीक चिरून बशीत ठेवली. दोन दिवस त्याने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याचं तोंड उघडून चार तुकडे आत सारले. थोड्याच वेळात त्याने ते ओकून टाकले आणि तो कुशीवर पडून राहिला. आता हा जगत नाही, असं वाटलं.

रविवारी गावी गेलो तेव्हा सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सर हसले.

"बशीत वाढून ठिवलंस? अरं, बेडकाला हालंल तेच खाणं वाटतंय. आणि खाईना म्हणून आग्रह केलास?"

"व्हय, सर."

"पंगतीला बसवलंस गड्या त्याला! लय दिवस उपाशी हाय त्यो. आधी पोट भिजंल एवढं पाणी. मग एक दिवसाआड एकच तुकडा, हालवून. न्हाई घेतला तर गप उचलायचा. काय हुतंय ते लिहून कळव. फोनवर नगं."

पंधरा दिवसांनी मी पत्र पाठवलं:

"ती. सरांस, सा. न.
केरसुणीच्या काडीला तुकडा लावून हलवतो. सात वेळा दिला, पाच वेळा घेतला. ओकला नाही. डोळे वर आले आहेत. पाठीचं हाड अजून दिसतं. काल टाकीत सोडलेला लहान नाकतोडा त्याने स्वतः पकडला. पदवी मिळाली तेव्हा आपल्याला लिहायचं राहिलं, ते आता लिहितो: आपण अर्ज भरला म्हणून मी शिकलो. एका वेळी दोन तुकडे द्यावेत की अजून थांबावं, ते कळवावं."