घंटीवरची रेघ

तामसीतल्या किराणा दुकानात नागेश बसायचा, तोवर घरात दोन मोबाईल होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मग दुकान भावाकडे गेलं, दुसरा मोबाईलही गेला. नागेश आणि त्याची बायको रूपाली, दोघांत एकच मोबाईल उरला, आणि उरलं ते सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळची बस धरून आदिलाबादला जाणं, चार तास डायलिसिसच्या मशीनला लागणं आणि परत येणं.

मशीनवर पडल्या पडल्या नागेश मोबाईलवर एक मंच वाचायचा. किडनीच्या आजाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी चालवलेला, मराठीतला. तिथं ज्याचा त्याचा एक धागा. आज पाणी किती प्यालो, सुई कुठं टोचली, असलं लोक लिहीत, आणि ज्यांना त्या माणसाची काळजी ते त्याच्या धाग्याची घंटी चालू ठेवीत, म्हणजे नवं काही आलं की मोबाईल वाजे. नागेशच्या सत्तावीस घंट्या चालू होत्या. त्यात किनवटचा दौलत फार जिव्हाळ्याचा. दोघं कधी भेटले नव्हते, पण दौलतनं चोरून आंबा खाल्ला तर पहिली कबुली नागेशला.

अडचण एकच. तिथली माणसं मरत. पहिल्याच वर्षी निर्मल गावचा एक मास्तर गेला तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली' दीडशे वेळा वाजली. नागेश दोन दिवस जेवला नाही, आणि शुक्रवारी बसमध्ये चढायलाच तयार होईना. जाऊन काय होते, मास्तर नेमानं जातच होता ना, म्हणाला.

मयतीहून आलेल्या माणसानं आजाऱ्याच्या घरात पाय ठेवू नये, ही त्यांच्या घरची रीत. सासू सोनाबाई तर मयतीची वार्ताही उंबऱ्याबाहेर थोपवायची. रूपालीनं तीच रीत मोबाईलला लावली. रोज सकाळी चहा ठेवला की ती धागे चाळायची. कोणी लिहिलं की आडवं झालं की दम लागतो, कोणाची मशीन मधेच थांबवावी लागली, कोणाच्या नावानं आता बायकोच लिहू लागली, की ती समजायची. मग त्या घंटीवर बोट दाबायचं. घंटीवर तिरपी रेघ यायची आणि तो माणूस ह्या घरापुरता मुका व्हायचा, मरायच्या आधीच. ह्यात तिला कधी काही निर्दय वाटलं नाही. बाई आपलं कुंकू राखत होती. दुसरीच्या कुंकवाचा विचार तिनं कशाला करावा?

पोळ्याच्या आठवड्यात दौलतनं लिहिलं की रात्र बसून काढतो. त्याच सकाळी तिनं रेघ मारली. नागेशनं दोनदा विचारलं, दौलत काऊन बोलून नाही राह्यला. रिचार्ज संपलं असंल, ती म्हणाली. पुढं त्यानं विचारणं सोडलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

दसऱ्यानंतर मशीनवर नागेशचंच बीपी घसरू लागलं. दोनदा मधेच काढावं लागलं. बोटं थरथरत, म्हणून त्याच्या धाग्यावर तिनंच लिहिलं, मी रूपाली लिहून राह्यली, ह्यांची मशीन आज दोन तासांत थांबवली, काय करावं? एरवी असल्या प्रश्नाला दुपारपर्यंत वीसजण धावून येत. ह्या वेळी तिघं आले. उटनूरची रेणुकाबाई रोज न चुकता 'भाऊ कसे आहेत' विचारायची, तिचाही पत्ता नाही.

धाग्याखाली बारीक आकडा असतो, कितीजणांनी घंटी चालू ठेवली आहे त्याचा. गणपतीत तो चौसष्ट होता, नागेशनंच कौतुकानं दाखवला होता. आता बेचाळीस. म्हणजे बावीस घरांत कोणी ना कोणी तिच्या नवऱ्याच्या घंटीवर बोट दाबलं होतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. रेणुकाबाईला तर ती बहीण मानत होती. पण राग धरायचा कोणत्या तोंडानं? रेणुकाबाईनं काय केलं आणि का केलं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शुक्रवारी नागेश मशीनवर झोपला, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तिनं दौलतचा धागा उघडला. शेवटी शेवटी त्याचा आकडा कितीवर आला होता, एवढंच तिला पाहायचं होतं. आकडा होता नऊ. श्रद्धांजल्याही मोजक्याच, महिन्याभरापूर्वीच्या. तिसरी नागेशची होती.

"दौलतभाऊ, तुही घंटी आमच्या घरी बंद झाली तवाच मी समजलो. रोज इथं येऊन पाहून जात होतो. बाकीच्यांले विनंती हाय, रूपालीले कोनी सांगू नका. लय मनाले लावून घेते. मले ठाव नाही असंच तिले वाटू द्या."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथं तर ज्याच्यापासून झाकलं, तोच दुसऱ्या बाजूनं टोपलं धरून बसला होता. रूपाली इतकी रडली, की तुमचा पेशंट गेला का म्हणून आया विचारून गेली.

परतीच्या बसमध्ये नागेशनं खिडकीला डोकं टेकलं होतं.

"आज किती राह्यले?" त्यानं विचारलं.

कशाचे, असं तिला विचारता आलं असतं. नेट नाही, असंही सांगता आलं असतं.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"बुधवारी बेचाळीस होते."

थोड्या वेळानं त्यानं हात पुढं केला. तिनं मोबाईल दिला. तामसी येईपर्यंत दोघांनी मिळून रेघ मारलेले अकरा धागे एकेक करून उघडले. पाचजण गेलेले होते. सहाजण अजून जिवंत होते, आणि त्यांना कितीतरी दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं.