काच कापायच्या दिवशी गोळी नाही

काचवाल्याचं दुकान काचेपेक्षा त्याच्या तोंडावर जास्त चालायचं. गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं, की हा त्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि आत आरसे कागदात गुंडाळणारी बायको पोट धरून हसायची.

"अहो, ऐकू जाईल त्यांना!"

"जाऊ दे. फुकटात आरसा दाखवतोय."

गेली काही वर्षं मात्र त्याचं हृदय बेताल चालत होतं. आधी नुसती धडधड, मग दम, मग काच उचलून जिना चढणंच बंद. शेवटी बायकोनं त्याला ओढतच हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर त्यानं मापाची फीत डॉक्टरांच्या नळीसारखी गळ्यात अडकवली आणि घसा खाकरला.

"हं. शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणता येतात, पण इतक्या जुन्या दुखण्यात ते टिकतीलच असं नाही. हं. मांडीतून नळी घालून आत डाग देता येतात, तेही एकदा करून भागेलच असं नाही. नाहीतर गोळ्यांनी वेग आवरायचा आणि आहे तसं चालू द्यायचं. पण काहीही निवडा, रक्त पातळ करायची गोळी रोज! आत रक्त साकळलं आणि गुठळी मेंदूत गेली, तर पंचाईत. गोळी झेपत नसेल तर सांगा. गुठळी जिथं होते ती हृदयातली पिशवी बंद करता येते का, तेही बघू. हं."

बायको हसत होती. गुठळीपाशी तिचं हसू थांबलं.

त्यानं शॉक निवडला. "धक्का दिला की गाडी चालू." त्याआधी तीन आठवडे गोळी चुकवायची नव्हती. पण काचेची कडा हाताला लागणं तर रोजचंच. पूर्वी बोट तोंडात घातलं की संपलं. आता चिंधीवर चिंधी भिजायची. एकदा तर गिऱ्हाइकाच्या नव्या आरशावर लाल ओघळ गेला. तेव्हा त्यानं स्वतःच नियम काढला, काच कापायच्या दिवशी गोळी नाही.

बायकोला पाकिटात उरलेल्या गोळ्या दिसल्या. "झेपत नाही म्हणून सांगा ना डॉक्टरांना."

"सांगितलं की म्हणतील, कापणं सोडा. मग काय करू, घरी बसून तुझी नक्कल?"

तिनं विषय सोडला.

शॉकला थोडेच दिवस उरले होते. दुपारी एक म्हातारे मास्तर फोटोची काच न्यायला आले. कवळी सैल, प्रत्येक शब्द गालात घोळवून बाहेर. ते वळताच काचवाल्यानं ओठ आत घेतले आणि सुरू झाला, "क्वाच... श्वच्छ हवी... हं का?" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. तो बोलतच राहिला. शब्द आणखी घोळू लागले, तोंड एका बाजूला ओघळलं.

"अहो, पुरे! पोट दुखायला लागलं."

तो थांबेना. कागदाचा गठ्ठा घेऊन ती मागच्या खोलीत गेली तरी ऐकू येत होतंच, आणि ती तिथंही हसत होती. बाहेर आली तेव्हा कटर जमिनीवर पडलं होतं. तो टेबलाला टेकून उजव्या हाताकडे बघत होता, कुणा परक्याचा असावा तसा.

इस्पितळातली डॉक्टरीण घाईत होती. "रक्त पातळ करायची गोळी?"

"आज नाही घेतली. काल पण नाही. काच होती ना कापायला."

"बरं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून ठरावीक वेळेतच देता येतं. म्हणून नीट आठवा. हे शेवटचं नीट कधी बोलले?"

बायकोनं तोंड उघडलं. मास्तर गेले, मग तो बोलला, मग ती हसली. त्यातलं मास्तरांचं किती आणि त्याचं स्वतःचं किती?

"बाई, लवकर."

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "मी हसत होते."