पडद्यातला क्लीनर

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण भरलेला ट्रेलर घाटात थांबवून पुन्हा उठवायला मला कुणी शिकवू नये. गुडघा गेला, क्लच दाबेना, तेव्हा गाडी सोडली आणि खांदा कॉलनीत मुलाच्या घरी बसलो. सून वाईट नाही. पण "बाबा, पाय वर घ्या, लादी पुसायचीय" हे रोज ऐकलं की माणसाचं सामान होतं.

नोटबंदीनंतरच्या वर्षी कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागे, एका कंपनीने कुंपण घातलेलं मैदान घेतलं. आत ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या. माल या शेडमधून त्या शेडमध्ये आपोआप नेणार. तरी लक्ष ठेवायला माणूस हवाच. माणूस एक, समोर पडदा, पडद्यावर चार गाड्या. काही बिनसलं तर बटण दाबून गाडी थांबवायची. पडद्यावर काय कुठे दाखवायचं हे ठरवायला त्यांना जुना ड्रायव्हर हवा होता, आणि जमलं तर ती खुर्ची त्यालाच मिळणार होती. मला ती हवी होती. गळ्यात ओळखपत्र घालून मी नाक्यावर मुद्दाम उभ्याने चहा प्यायचो. विचारू देत कुणाला विचारायचं ते.

पडदा बनवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी म्हटलं, पडद्यावरचे आरसे डावी-उजवीकडे पाहिजेत, वर काय टांगून ठेवलेत? तिने हलवले. पहिले दिवस असे ऐटीत गेले. मग हलवण्यासारखं काही उरलं नाही आणि नुसतं बघणं सुरू झालं. गाड्या चुकतच नव्हत्या. जायच्या, यायच्या, जायच्या.

एक दिवस एका गाडीच्या चाकात ताडपत्री अडकली. गाडी ती फरफटत मैदानभर फिरली. पडद्यावर पिवळी खूण आली होती म्हणे. ती मुलगी धावत आली.

"काका, डोळा लागला होता का?"

"बाय, उभ्या जन्मात स्टिअरिंगवर माझा डोळा लागला नाय! मला इचारतेस?"

"मग खूण दिसली कशी नाही?"

"दिसली नाय म्हंजे नाय दिसली."

ती रडवेली झाली, म्हणून मग तिला बसवून सांगितलं. ट्रकवर हे कुणी विचारत नाही. "उस्ताद, झोप येते का?" असं विचारणाऱ्या क्लीनरला पुढच्या धाब्यावर उतरवतात. शहाणा क्लीनर आडून विचारतो. "उस्ताद, मगाशी गेला तो टँकर कुठल्या पासिंगचा?" ड्रायव्हरने फटकन सांगितलं तर ठीक. अडखळला, तर क्लीनर त्याला चुकलात म्हणत नाही. म्हणतो, "मला लघवीला लागलीय, गाडी बाजूला घ्या." ड्रायव्हर त्याला शिव्या घालत उतरतो, तोंडावर पाणी मारतो. दोघांनाही माहीत असतं. बोलत कुणी नाही.

तिचे डोळे चमकले. "काका, हे पडद्यात घालू या!"

आणि घातलं. मधूनच पडदा विचारायचा, आत्ता गेलेली गाडी भरलेली होती की रिकामी? दोन नंबरच्या गाडीपुढे कोण आडवं आलं? उत्तर द्यायचं. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. पडद्याला लघवीला लागत नाही. तो लाल दाखवतो आणि तिकडे साहेबाच्या खोलीतही लाल दिसतं.

माझं लाल येऊ लागलं. सकाळी कमी, जेवणानंतर जास्त. मी झोपत नव्हतो, आजही छातीवर हात ठेवून सांगतो. डोळे उघडे असायचे. गाडी डोळ्यांसमोरून जायची, आणि विचारलं की भरलेली की रिकामी, तर आत काहीच नसायचं. मी हट्टाला पेटलो. चहा बंद, जेवण अर्धं, पडद्याला नाक लावून बसलो. तरी लाल.

तेव्हा कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. आयुष्यभर मला वाटायचं, माझी नजर तेज आहे. नजर कसली! स्टिअरिंगची थरथर हाताला कळायची, भरलेल्या गाडीचा भार ढुंगणाला कळायचा, ब्रेक तापल्याचा वास यायचा. मला जागं तेच ठेवत होतं. ते काढून घेतल्यावर उरला एक म्हातारा आणि त्याचे दोन डोळे, काही न ठेवणारे.

शेवटी ती मुलगी हळूच खुर्चीशी आली. "काका, साहेबांशी बोलले मी. खुर्ची तुमचीच राहील. फक्त तुमच्यापुरते प्रश्न बंद करते."

"आनि गाड्यांवर लक्ष कोण ठेवील?"

"पलीकडच्या पडद्यावरचा मुलगा ठेवेल ना. तुम्ही नुसतं बसा."

तिचं मन साफ होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. नुसतं बसायला मला घर होतं. मी ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. ती "काका, अहो काका" करत गेटपर्यंत आली. मी वळलो नाही. वळलो असतो तर थांबलो असतो.

रिक्षाने घरी आलो. ड्रायव्हर पोरगा बडबड्या होता. मध्येच म्हणाला, "बाबा, हा पूल नवीन झाला, बघितला का?"

मी बाहेरच बघत होतो. पूल मागे पडला होता. "बघितला," म्हटलं.