ओट्यावरचं पिवळं

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, आमच्या घरातली पहिलीच. कॉलेजातल्या मंदाचा बेटेगावहून निरोप आला: दोन दिवस ये, येताना जीवशास्त्राची पुस्तकं आण. माझ्या पुस्तकांना इतका मान आजवर कोणी दिला नव्हता. मी निघालेच.

सफाळ्याहून शटलने बोईसर गाठलं. पावसात जाणार असाल तर पुढे चपला हातात घ्यायची तयारी ठेवा आणि स्टेशनाबाहेर चहा पिऊन घ्या. बेटेगाव म्हटल्यावर चहावाल्याने विचारलं, "वो पीली चीज़ वाले घर?" बाकावरचा कारखान्यातला कामगार अर्धा कप ठेवून उठून गेला. पुढे भातातून चालत गेले. वाटेत एकही माणूस भेटला नाही.

ते मंदाच्या ओट्यालगत, सरपणाच्या ढिगावर होतं. हळदीसारखं पिवळं, ताटाएवढं, ओलसर, आत शिरांचं जाळं.

"परवा उकिरड्यावर होतं, काल न्हाणीपाशी," मंदा हळूच म्हणाली.

"पाय नाय, तोंड नाय, तरी चालतंय," तिची आई म्हणाली. "नवी सून आली आन हे आलं. उद्या तिला म्हायेरी धाडते. परत आनायची नाय."

सून, म्हणजे शेवंतीवहिनी, आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"तू शिकलीस ना पोरी? सांग, हे झाड हाय का जनावर?"

मी दोन्ही पुस्तकं उघडली. वनस्पतींच्या पुस्तकात ते बुरशीशेजारी होतं, प्राण्यांच्या पुस्तकात अमीबाशेजारी. मी खरं ते सांगितलं, "काकी, शास्त्रज्ञांनी याला दोन्हीकडे ठेवलंय. नीट कुठेच बसत नाही."

काकींनी हातच जोडले. "मी तेच बोलते. धड कशातलंच नाय ते."

"तुला जरा थाप मारता येत नाही का गं?" मंदा कुजबुजली.

रात्री तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. चव उत्तम. झोपण्याआधी, ते खरंच चालतं का हे बघायला, मी त्या ढिगाभोवती रांगोळीचं कडं काढलं.

सकाळी कडं एका बाजूने फुटलं होतं. सुकल्या शेंबडासारखी एक रेघ ओट्यावरून गेली होती आणि ते वहिनीच्या खोलीच्या उंबऱ्याशी होतं. कालच्यापेक्षा मोठं. शेजारीच वहिनीची पिशवी भरून ठेवलेली.

मग मला आमच्या सरांचं बोलणं आठवलं. एकटा जीव काही सांगत नाही. त्याच्यासारखे चार शोधून गट लावला, की तो काय खातो, कुठे वाढतो, कधी मरतो ते कळतं. मी झाड की जनावर हा प्रश्नच सोडला. हे कुजत्या लाकडातल्या जंतूंवर जगतं, असं पुस्तकात होतं.

"काकी, चला. याचे भाऊबंद शोधू."

शेजाऱ्यांच्या पेंढ्यामागे एक सापडलं. देवळामागच्या पडलेल्या उंबरावर तीन. त्यातलं एक वाळलं होतं. काडीने टोचताच तपकिरीसारखी भुकटी उडाली.

"इथे कोणाची सून आली?" मी विचारलं.

काकींनी माझ्या हातातली काडी घेऊन स्वतः टोचून पाहिलं. "याची जातच हाय म्हन की. आमच्यापुरतं नाय."

घरी येऊन त्यांनी स्वतः पिशवी आत नेली. "शेवंते, चहा टाक."

निघताना वहिनी बांधापर्यंत आली. "ताई, सगळ्यांकडं हाय ते, पटलं. पन रांगोळी मोडून माज्याच दाराशी का आलं?"

"ओल असेल तिथे."

"मी तिथं रोज चुलीची राख पसरते. कोरडं असतं." मग ती जराशी हसली. "ऱ्हाऊ दे. मी ऱ्हायले ना."

घरी वडिलांनी विचारलं, "मग झाड की जनावर?"

"दोन्ही नाही. आता अशांसाठी वेगळा गट मांडतायत."

"मांडावाच लागेल," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

गट लावल्याने एका बाईचं घर राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. पावसाळ्यात सकाळी दार उघडलं, की मी आधी उंबरा बघते.