अंगठा उठेना

डहाणूच्या इंग्रजी क्लासमधल्या सरांचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. शिकवण्यापेक्षा पाणउतारा करण्यात त्यांना जास्त गोडी. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘फेड अवे’ लिहिलं. हळूहळू पुसट होत नाहीसं होणं. कपड्याचा रंग, लांब जाणाऱ्या गाडीचा आवाज, जुनी आठवण, या सगळ्यांना ते चालतं म्हणाले, आणि प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं.

मी लिहिलं, माझ्या आईच्या बोटांवरच्या रेषा फेड अवे झाल्यात.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. “आईला कशाला आणतेस मध्ये? साडीचा रंग लिही,” म्हणाले आणि वाक्यावर लाल काट मारली. वर्ग फिदीफिदी हसला. वाक्य बरोबर होतं. आजही सांगते, बरोबर होतं.

आई घोलवडच्या वाडीत चिकू धुवायची. फळावरची भुकटी गोणपाटाने घासून काढायची, वर्षानुवर्षं. चिकूबरोबर बोटंही घासली गेली. तलासरीकडच्या आमच्या गावात रेशन दुकानावर अंगठ्याचं मशीन आलं, तोवर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग दोनदा ती रिकामी पिशवी घेऊन परतली. “अंगठा नाय उठत,” एवढंच म्हणायची. तेल चोळ, चुना लाव, असले सल्ले मी घरी बसून द्यायचे आणि सकाळी डहाणूची एसटी पकडायचे.

लाल काट पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी क्लास बुडवला आणि भांडायचं ठरवूनच तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदाराने तिचा अंगठा धरून चार वेळा काचेवर दाबला.

“बाई, मशीनला तू दिसतच नाय.”

“मग काय तिने उपाशी मरायचं?” मी ओरडले. “तुमच्या घरचं वाटताय का?”

त्याने मान वर केली. “तुझं नाव आहे ना कार्डावर? ठेव अंगठा.”

मी ठेवला. चिकू घासायची वेळच कधी न आलेला अंगठा. पहिल्या फटक्यात पावती बाहेर आली.

“पहिल्याच दिवशी सांगितलेलं हिला,” तो तांदूळ मोजत म्हणाला, “पोरीला घेऊन ये म्हणून.”

मी संतापून आईकडे वळले. ती पिशवीचं तोंड उघडं धरून उभी होती.

“तुझा क्लास होता,” ती म्हणाली.