बराखीतले पत्ते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण रडत सांगणार नाही — तशी अपेक्षा असेल तर इथंच थांबा.

मला पत्त्यांची जादू येते. बदामाची राणी समोर धरायची, तिच्यावरून हात फिरवायचा, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती इस्पिकची होते. दुसरा पत्ता तळहातात दडवलेला असतो, पण बोटं सैल दिसली पाहिजेत. सोपं वाटतं ना? टोमॅटो तोडून काळी पडलेली, चरबरीत बोटं घेऊन करून बघा.

राजुरीत आमची शेती. दुपारी सगळे आडवे झाले की मी कांदा साठवायच्या बराखीत जाऊन बसायचे. मोबाईलचा आवाज बंद करून व्हिडिओ लावायचे. पत्ता निसटायचा, कांद्यांत पडायचा. उचलायचा, परत दडवायचा. काय मिळायचं त्यातून? काहीच नाही. एरवी माझे हात घरातल्या सगळ्यांच्या कामाचे होते; तेवढा वेळ ते माझे असायचे.

आमच्याकडं पत्ते म्हणजे जुगार. माझ्या सासऱ्यांना, तात्यांना, त्याचा दुसरा अर्थच माहीत नव्हता.

आता इथं येऊन अडते मी — पण सांगते.

एका सकाळी कांदा भरायला काढला आणि गोण्यांखाली सासूबाईंना पत्त्यांचा कॅट सापडला. तात्यांनी तो पडवीत आणून ठेवला आणि थेट माझ्या धाकट्या दिराला, महेशभाऊजींना, हाक मारली. मित्रांबरोबर फाट्यावर बसणारे घरात तेच एकटे. दुसऱ्या कुणाला विचारायचं तात्यांच्या मनातही आलं नाही.

"तात्या, मी पत्त्याला हातसुदा लावलेला न्हाई," भाऊजी म्हणाले.

मी दारातच उभी होते.

तात्या सरळ माणूस — तेच नडलं. भाऊजींचं लग्न अवसरी बुद्रुकच्या मुलीशी ठरलं होतं, दोघं रोज फोनवर बोलायची. तात्यांनी स्वतः तिच्या वडलांना फोन लावला. पावणं, पोरगा पत्त्याच्या नादाला लागलाय, लपवलं तर तुमची फसवणूक व्हईल, असं सांगितलं. लग्न मोडलं. मुलीनं भाऊजींचा फोन उचलायचं बंद केलं. ते चाकणला कंपनीत लागले आणि घरी येणं सणापुरतं उरलं.

मी घाबरले होते का? सून होती, घाबरली असेल, असं तुम्ही म्हणाल. नाही. तात्या ओरडले असते, थोडे दिवस अबोला धरला असता. नवरा तर हसलाच असता. मी गप्प बसले, कारण बोलले असते तर पत्ते, मोबाईल, ती दुपार — सगळं गेलं असतं. एकीकडं भाऊजींचं लग्न, एकीकडं माझी जादू. मी जादू ठेवली. आणि भाऊजी गेल्यावर आळेफाट्याहून नवा कॅट आणला.

त्या कॅटवरच जादू जमली. पहिल्यांदा राणी बदलली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. तो आनंद खोटा होता, असं मी आजही म्हणणार नाही.

तात्या वारले, त्यानंतरची दिवाळी. माझी लेक मोबाईलवर असलीच कसलीशी जादू दाखवत होती आणि माझ्यानं राहवलं नाही. सगळ्यांसमोर राणी बदलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी तेवढे माझ्या हातांकडं बघत राहिले.

"वयनी, कवाधरनं शिकताय?"

"आत्ताच. मोबाईलवर बघून," मी म्हणाले. तेही खोटंच.

ते पुढं सरकून बसले, म्हणाले, "परत दाखवा."

मी परत दाखवली. या वेळी ते पत्त्याकडं बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय, हे मलाही कळलं होतं. तेव्हा तरी बोलायचं — नाही बोलले. लेकीनं आणखी एकदा म्हटलं, तर तिलाही करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी चाकणला गेले. त्यांनी लग्न केलेलं नाही. मी अजून दुपारी पत्ते घेऊन बसते — आता पडवीत, सगळ्यांसमोर.