समोरच्या टेबलावर

न्यू जर्सीत एमएस करत असताना मी विद्यार्थी युनियनच्या निवडणुकीला उभी राहिले, ती रविवारच्या बससाठी. रविवारी कॅम्पसची बस बंद असायची. आमच्यापैकी बहुतेकांकडे गाडी नव्हती, आणि लॅबमधले प्रयोग काही रविवार पाळत नाहीत. थंडीत हायवेच्या कडेने चालत जावं लागायचं. माझी रूममेट नागपूरची, सिव्हिलची. तीच म्हणाली, "नुसती कुरकुर काय करतेस, उभी राहा ना." म्हणून राहिले.

माझ्या विरुद्ध बायॉलॉजीची एक अमेरिकन मुलगी होती. कॅम्पसवर गर्भपाताला विरोध करणाऱ्या मुलामुलींचा एक गट होता. ते स्वतःला प्रो-लाइफ म्हणवत. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच युनियनमध्ये शिरायचं ठरवलं होतं. शिकता शिकता एखादी मुलगी गरोदर राहिली तर तिला राहायला जागा आणि मुलासाठी पाळणाघर मिळालं पाहिजे, ही त्यांची मुख्य मागणी. मला वाटलं, यांना कोण मतं देणार?

स्टुडंट सेंटरमध्ये आमची टेबलं समोरासमोर आली. तिच्या टेबलापाशी सकाळपासून सातआठ जण. कोणी कॉफी आणतंय, कोणी गिटार घेऊन बसलंय, एक जण सगळ्यांसाठी घरून केक भाजून घेऊन आलेला. माझ्या टेबलावर मदतीला येणार होते त्यातल्या एकाचा फोन आला, "यार, गाइडने मीटिंग ठेवली, मी कॅन्सल करतोय." दुसऱ्याने फोनही केला नाही. मी एकटी खुर्चीवर बसून त्यांचं हसणं ऐकत होते. तिच्या मतांबद्दल मला काडीचं आकर्षण नव्हतं. पण एखाद्या गोष्टीसाठी इतकी माणसं आपल्याभोवती जमावीत, याचा मला मनापासून हेवा वाटला.

रूममेट माझ्यासाठी रोज डबा घेऊन यायची. येता-जाता त्या टेबलापाशी थांबायची. आधी वाटलं, केकसाठी थांबत असेल. मग एका दुपारी पाहिलं, तर ती बायॉलॉजीवालीच्या शेजारी उभी राहून त्यांची पत्रकं वाटत होती. माझा डबा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तसाच होता.

घरी आल्यावर मी विचारलं, "मत कोणाला देणार आहेस?"

"तुला. बस मलाही हवीय."

"मग तिथे काय करत होतीस?"

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी तिसरी मुलगी आहे, माहितेय ना तुला? माझ्या वेळी आजी आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. दोन मुली आहेत, आता तिसरी नको म्हणून. आई नंबर यायच्या आधी उठली आणि सरळ मामाकडे निघून गेली. मी झाल्यावरच परत आली."

मला हे माहीत नव्हतं. आम्ही एका खोलीत झोपत होतो, एका कढईत स्वयंपाक करत होतो.

"आणि हे तू तिला सांगितलंस?"

"तिने विचारलं, तू रोज इथे का थांबतेस. तेव्हा निघालं तोंडातून."

मी वादाला उभी राहिले. म्हटलं, "अगं, पण काकूंवर तो निर्णय दुसऱ्यांनी लादला होता. काकूंनी मग स्वतःचं स्वतः ठरवलं. माझंही तेच म्हणणं आहे, बाईचं बाईने ठरवावं. त्यात तू त्या गटाकडे कशी जातेस?"

"तुझं बरोबर असेल," ती म्हणाली. "पण तिने वाद नाही घातला. ऐकलं आणि माझा हात धरून बसली."

मी पोळ्या लाटायला घेतल्या.

बायॉलॉजीवाली निवडून आली. हरल्याचं दुःख फार टिकलं नाही, पण रूममेट तिला मिठी मारून अभिनंदन करत होती ते पाहून मी तिची वाट न बघता घरी निघून आले. पुढे युनियनमध्ये जाऊन त्या मुलीने रविवारची बस सुरू करून घेतली. पाळणाघराचं मात्र तिला जमलं नाही. बसचं कळल्यावर ती मुद्दाम मला सांगायला लॅबमध्ये आली. म्हणाली, आयडिया तुझी होती, हे मी तिथे सगळ्यांना सांगितलंय. मी थँक्यू म्हटलं. ती थोडी जरी वाईट असती, तर मला किती सोपं गेलं असतं.

शिक्षण संपवून रूममेट नोकरीसाठी सिएटलजवळ बॉथेलला गेली, लग्न झालं. दोन हजार आठमध्ये तिला बाळ होणार होतं. बाळंतपणासाठी नागपूरहून काकू आल्या होत्या. मुलगी झाल्याचं कळलं तसा मी लगेच फोन केला. काकूंनीच उचलला.

"बाळंतीण झोपलीय गं आत्ता. तू कशी आहेस? ही तुमची कॉलेजची अमेरिकन मैत्रीण आलीय ना मदतीला, विमानाने. फार गुणाची आहे हो. तिला पोळ्या शिकवतेय."

"गोल होतात का, काकू?" मी विचारलं.

"होतील की," काकू म्हणाल्या. मागे बाळ रडायला लागलं आणि कोणीतरी इंग्रजीत, हळू आवाजात, त्याला समजावू लागलं.